हिरवा दिवा, बंद खिडकी

गेल्या पंधरा-वीस वर्षांत मराठीत पक्क्या रुजलेल्या वाक्यांची यादी केली, तर ‘सर्व्हर डाऊन आहे’ या वाक्याचा क्रमांक बराच वर लागेल. रेशनच्या दुकानात, सेतू केंद्रात, बँकेच्या काउंटरवर, दस्तनोंदणीच्या कचेरीबाहेर ते इतक्या सहजपणे उच्चारलं जातं, की त्यातले दोन्ही महत्त्वाचे शब्द इंग्रजी आहेत याचा कोणाला पत्ताही नसतो. या वाक्याचा कर्ता कोणीही पाहिलेला नाही. तो कुठे असतो, कोण सांभाळतं, कधी उठेल, हे सांगणाऱ्यालाही ठाऊक नसतं आणि ऐकणाराही विचारत नाही. ‘उद्या या’ हा त्या वाक्याचा उत्तरार्ध. पूर्वी ‘साहेब रजेवर आहेत’ हे वाक्य जे काम करायचं, ते आता हे वाक्य करतं. फरक इतकाच की साहेबांची खुर्ची रिकामी आहे हे निदान डोळ्यांना दिसायचं.

मी काही वर्षं संकेतस्थळं चालू आहेत की बंद, वेगात आहेत की रखडत आहेत, यावर लक्ष ठेवण्याचं काम केलं. त्यामुळे हे वाक्य कानावर पडलं की माझ्या मनात वेगळेच प्रश्न येतात. हा सर्व्हर डाऊन आहे हे आत बसलेल्यांना कळलंय का? कशावरून कळलं? आणि खिडकीसमोरच्या माणसाला बंद दिसणारी व्यवस्था आतल्या पडद्यावर हिरवीगार दिसत असेल, तर ते कसं? शेवटचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण असं घडणं अपवादात्मक नाही.

आतला तो पडदा म्हणजे डॅशबोर्ड. हा शब्द घोडागाडीच्या काळातला आहे. घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल गाडी हाकणाऱ्याच्या अंगावर येऊ नये म्हणून पुढे लावलेली लाकडाची किंवा चामड्याची आडवी फळी, ती डॅशबोर्ड. मोटारी आल्या, घोडा गेला, फळी राहिली आणि तिच्यावर वेगाचे, इंधनाचे काटे बसले. संगणकाच्या जगात तर फळीही गेली. उरले नुसते काटे. माहिती दाखवणाऱ्या वस्तूचं मूळ काम काहीतरी आड ठेवण्याचं होतं, ही गंमत मला हा शब्द वापरताना नेहमी आठवते.

दूरवरच्या वस्तूची स्थिती पडद्यावर पाहण्याचा एक सुरुवातीचा आणि अगदी घरगुती प्रयोग केंब्रिज विद्यापीठातला. तिथल्या संगणक प्रयोगशाळेत ‘ट्रोजन रूम’बाहेर कॉफीचं एकच भांडं होतं. इतर मजल्यांवरची मंडळी जिने उतरून यायची आणि भांडं रिकामं सापडायचं. १९९१ साली त्यांनी भांड्यासमोर कॅमेरा लावला आणि त्याचं छोटंसं करडं चित्र सर्वांच्या पडद्यावर दिसू लागलं. १९९३मध्ये ते इंटरनेटवर आलं आणि जगभरच्या लोकांनी, ज्यांना ती कॉफी कधीच मिळणार नव्हती, ते भांडं पाहिलं. २००१मध्ये कॅमेरा बंद झाला. त्या कॅमेऱ्यात एक गुण होता. ज्याला कॉफी हवी त्याच्यासाठी नेमकी कळीची गोष्ट, म्हणजे भांड्यात कॉफी आहे की नाही, तो दाखवत होता. भांड्याला वीज पोचते का, नळाला पाणी आहे का, हे नव्हे. पुढच्या काळात बांधलेल्या कितीतरी महागड्या डॅशबोर्डांत हा गुण मला सापडलेला नाही.

त्याच्याही आधीचं आणि आजही रोज वापरात असलेलं साधन म्हणजे पिंग. अमेरिकी लष्कराच्या एका प्रयोगशाळेत काम करणाऱ्या माइक मूस याने डिसेंबर १९८३मध्ये ते लिहिलं. पाणबुडीतलं सोनार जसा आवाज सोडतं आणि आदळून परत येणारा प्रतिध्वनी ऐकतं, तसंच हे. एका यंत्राने दुसऱ्याला हाक द्यायची, उत्तर किती वेळात आलं ते मोजायचं. नावही त्या सोनारच्या आवाजावरूनच पडलं. नव्वदच्या दशकाच्या मध्यास टोबियस ओटिकर या स्विस माणसाने इंग्लंडमधल्या विद्यापीठात असताना तिथल्या एकुलत्या एक ६४ किलोबिटच्या जोडणीवर किती वाहतूक चालली आहे, याचा आलेख दर पाच मिनिटांनी काढणारी प्रणाली केली. ती जगभर पसरली. २०१२मध्ये बर्लिनच्या साउंडक्लाउड कंपनीत प्रोमिथियस ही मोजमाप साठवणारी प्रणाली सुरू झाली, २०१४मध्ये टॉर्केल ओडेगार्ड या स्वीडिश अभियंत्याने आलेख मांडणारं ग्राफाना आणलं. या दोन्ही मुक्त स्रोतातल्या असल्याने आज त्या छोट्या कंपन्यांपासून मोठ्या संस्थांपर्यंत सर्वत्र दिसतात. काळ्या पार्श्वभूमीवरच्या हिरव्या-पिवळ्या रेघा वाचकांनी एखाद्या बातमीच्या छायाचित्रात पाहिल्या असतील. त्या बहुधा ग्राफानाच्या.

आता मूळ मुद्दा. पिंगला उत्तर आलं म्हणजे काय सिद्ध झालं? दाराची कडी वाजवली आणि आतून ‘ओ’ आली, एवढंच. आत कोण आहे, शुद्धीवर आहे का, दार उघडणार का, हे त्यातून कळत नाही. म्हणून तपासणीच्या पायऱ्या असतात. यंत्र जिवंत आहे का, ही पहिली. त्यावरचा वेब सर्व्हर बोलतोय का, ही दुसरी. पान उघडतंय का, त्यात हवा तो मजकूर आहे का, नोंदणी केलेल्याला आत शिरता येतंय का, आणि सर्वांत शेवटी ज्या कामासाठी तो आला ते काम, म्हणजे पैसे भरणं, अर्ज जमा करणं, दाखला उतरवून घेणं, पूर्ण होतंय का. प्रत्येक पायरी वर चढायला खर्च वाढतो, म्हणून पुष्कळ संस्था दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवरच बसकण मारतात.

यातला एक प्रकार मी स्वतः अनेकदा पाहिला आहे. वेब सर्व्हर प्रत्येक उत्तरासोबत एक तीन आकडी खूण पाठवतो. २०० म्हणजे सारं ठीक, ४०४ म्हणजे पान सापडलं नाही, ५००च्या घरातले आकडे म्हणजे आतच बिघाड. ‘काही तांत्रिक अडचण आली आहे, कृपया थोड्या वेळाने प्रयत्न करा’ हे पान नीट रंगवून, बोधचिन्हासह, २०० या खुणेनिशी पाठवणारी संकेतस्थळं आहेत. तपासणी करणारी प्रणाली फक्त खूण पाहते. तिच्या लेखी तो माणूस अर्ज भरून आनंदाने घरी गेला.

दिवा काय दाखवतो आणि आपण त्यावरून काय समजतो, यातलं अंतर किती महाग पडू शकतं याचं उदाहरण संगणकाबाहेरचं आहे. २८ मार्च १९७९ रोजी पहाटे अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात दाब मोकळा करणारी एक झडप उघडली आणि बंद व्हायच्या वेळी अडकून उघडीच राहिली. नियंत्रण कक्षातल्या दिव्यावरून मात्र झडप बंद आहे असा समज झाला. कारण तो दिवा झडपेच्या स्थितीला जोडलेलाच नव्हता. झडपेला बंद होण्याचा आदेश गेला की नाही, एवढंच तो सांगत होता. आदेश गेला होता. झडपेने तो पाळला नव्हता. दोन तासांहून अधिक काळ तिथून पाणी वाहून गेलं आणि अणुभट्टीचा गाभा अंशतः वितळला. त्याच वेळी पहिल्या काही मिनिटांत शंभराहून अधिक धोक्याच्या घंटा वाजत होत्या, आणि त्यांची नोंद छापणारं यंत्र तर इतकं मागे पडलं की कागदावर तासांपूर्वीच्या घटना उमटत होत्या. आदेशाचा दिवा आणि स्थितीचा दिवा यांतला हा फरक मी पुढे शासकीय आणि खासगी कितीतरी पडद्यांवर शोधला आणि तो सापडला. ‘संदेश पाठवले : इतके हजार’ असा आकडा झळकतो, तेव्हा तो पाठवल्याचा असतो, मिळाल्याचा नसतो.

दुसरा प्रश्न, पाहणारा उभा कुठे आहे. घरातली वीज गेली की आपण काय करतो? आधी फ्यूज पाहत नाही. गॅलरीत येतो आणि समोरच्या इमारतीत दिवे आहेत का ते बघतो. शेजारच्या काकूंना विचारतो, ‘तुमच्याकडे आहे का हो लाईट?’ या एका प्रश्नाने बिघाड घरात की वस्तीत याचा निकाल लागतो. संकेतस्थळांच्या बाबतीत हेच तत्त्व आहे. तपासणी करणारं यंत्र त्याच इमारतीत, त्याच जोडणीवर असेल तर त्याला शेजारघर दिसणारच नाही. म्हणून वेगवेगळ्या शहरांतून, वेगवेगळ्या कंपन्यांच्या जोडण्यांवरून तपासणी करावी लागते. मुंबईतल्या वेगवान ब्रॉडबँडवरून आणि गडचिरोलीतल्या मोबाइलवरूनही. दुसरी फार कमी जण करतात.

घरातूनच घर पाहण्याचं सर्वांत बोलकं प्रकरण २८ फेब्रुवारी २०१७चं. अ‍ॅमेझॉनच्या एस-थ्री या साठवणूक सेवेवर इंटरनेटचा फार मोठा हिस्सा उभा आहे. त्या दिवशी सकाळी एका कर्मचाऱ्याने ठरलेल्या पद्धतीनुसार थोडे सर्व्हर काढून टाकण्याची आज्ञा दिली, पण तीत एक तपशील चुकला आणि हवे होते त्यापेक्षा बरेच जास्त सर्व्हर गेले. सेवा पूर्ववत व्हायला चार तासांहून अधिक वेळ लागला. आता पुढची गोष्ट. सेवांची स्थिती जगाला दाखवणारा अ‍ॅमेझॉनचा जाहीर डॅशबोर्ड पहिले दोन तास बदलताच येईना, कारण तो बदलण्याची यंत्रणा स्वतःच एस-थ्रीवर अवलंबून होती. असंख्य संकेतस्थळं आडवी पडलेली आणि फलकावर हिरव्या खुणा. शेवटी कंपनीने ट्विटरवरून आणि फलकाच्या माथ्यावर मजकूर टाकून लोकांना कळवलं. अ‍ॅमेझॉनने हे सारं नंतर स्वतःच लिहून प्रसिद्ध केलं, याचं श्रेय त्यांना द्यायला हवं. आपल्याकडे अशी जाहीर चिकित्सा लिहिण्याची रीत अजून रुजलेली नाही.

४ ऑक्टोबर २०२१च्या रात्री नऊच्या पुढे भारतातले व्हॉट्सअ‍ॅप गट अचानक मुके झाले, ते वाचकांना आठवत असेल. फेसबुकच्या आतल्या कण्याची देखभाल करताना दिलेल्या एका आज्ञेने त्यांची सर्व डेटा केंद्रं एकमेकांपासून तुटली. त्यांचा पत्ता जगाला सांगणारे सर्व्हर मात्र धडधाकट होते. पण त्यांना एक शिस्त लावलेली होती : डेटा केंद्राशी बोलता येत नसेल तर स्वतःला आजारी समजायचं आणि जगाला पत्ता सांगणं थांबवायचं. एखाद-दुसरं केंद्र बिघडतं तेव्हा ही शिस्त उत्तम, कारण मग लोक दुसऱ्या केंद्राकडे वळतात. त्या रात्री सगळ्यांनी एकदमच स्वतःला आजारी ठरवलं आणि फेसबुक इंटरनेटच्या नकाशावरून पुसलं गेलं. आतली साधनंही त्याच जाळ्यावर असल्याने अभियंत्यांना प्रत्यक्ष केंद्रांत जावं लागलं, आणि कडक सुरक्षेमुळे आत शिरायलाही वेळ लागला. सहा तासांच्या आसपास हे चाललं.

डॅशबोर्डावरचा सर्वांत लबाड आकडा कोणता असं विचारलं, तर मी सरासरी म्हणेन. समजा शंभर जणांनी एक पान उघडलं. पंचाण्णव जणांना ते पाव सेकंदाच्या आत, म्हणजे ०.२ सेकंदात दिसलं. पाच जणांना वीस सेकंद लागले. सरासरी येते सुमारे १.२ सेकंद. पडद्यावर हा आकडा पाहून वरिष्ठ खूश होतात. पण १.२ सेकंदाचा अनुभव त्या शंभरांतल्या एकालाही आलेला नाही. म्हणून जाणकार लोक शतमकं पाहतात : पंचाण्णवाव्या किंवा नव्व्याण्णवाव्या शतमकाचा माणूस किती वेळ थांबला? रांगेतल्या शेवटच्या माणसाजवळ जाऊन विचारण्यासारखं आहे हे. आणि ‘शेवटचे एक टक्का’ म्हणजे थोडे लोक असंही समजू नये. आजचं एक पान तयार व्हायला मागे कित्येक सर्व्हर राबतात. गूगलच्या जेफ डीन आणि लुइझ बारोसो यांनी २०१३मध्ये हा हिशेब मांडला : प्रत्येक सर्व्हर शंभरातून एकदाच रखडतो, पण एका पानासाठी असे शंभर सर्व्हर लागत असतील, तर शंभरातल्या त्रेसष्ट जणांना रखडपट्टी सोसावी लागते.

सरासरीच्या जोडीला ‘नऊ’. उपलब्धतेचे करार नऊच्या भाषेत होतात. ९९ टक्के उपलब्ध म्हणजे वर्षातून साडेतीन दिवसांहून अधिक बंद. ९९.९ म्हणजे पावणेनऊ तास. ९९.९९ म्हणजे साधारण ५३ मिनिटं, आणि त्यापुढे आणखी एक नऊ जोडला तर सव्वापाच मिनिटं. ऐकायला हे भव्य वाटतं, पण नऊच्या हिशेबात घड्याळ नसतं. पावणेनऊ तास वर्षभरातल्या पहाटे तीनच्या सुमारास विखरून गेले तर कोणाला कळणारही नाही. तेच तास अर्जाच्या शेवटच्या तारखेला आले, तत्काळ तिकिटांच्या सकाळच्या दहा-अकराला आले, किंवा दहावीच्या निकालाच्या दुपारी आले, तर? कागदावर दोन्ही ९९.९च. मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजारातले व्यवहार २४ फेब्रुवारी २०२१ रोजी सकाळी ११.४०ला थांबले आणि दुपारी पावणेचारला पुन्हा सुरू झाले. चार तासांचा हा खंड वर्षाच्या हिशेबात टक्क्याच्या बारीक अंशाइतका भरतो. त्या दिवशी अडकून पडलेल्याला तो अंश किती मोठा वाटला असेल! शिवाय ‘पूर्वनियोजित देखभाल’ बहुतेक करारांत बंद म्हणून धरलीच जात नाही.

आता घंटेबद्दल. डॅशबोर्डाकडे माणूस चोवीस तास टक लावून बसू शकत नाही, म्हणून आकडा मर्यादा ओलांडतो तेव्हा फोन वाजवायचा, ही व्यवस्था. तिची पाळी असते. ज्याची पाळी त्याने आठवडाभर फोन उशाशी घेऊन झोपायचं. मी हे केलं आहे, आणि त्या फोनचा विशिष्ट सूर आजही दुसऱ्या कोणाच्या खिशात वाजला तरी माझ्या पोटात गोळा येतो. रात्री दोनला उठून पाहावं तर एखाद्या सर्व्हरची डिस्क ऐंशी टक्के भरलेली असायची. ती सकाळी दहाला पाहिली असती तरी चाललं असतं. अशा दहा रात्रींनंतर अकराव्या रात्री हात आपोआप घंटा बंद करतो. ‘लांडगा आला रे आला’ या गोष्टीत दोष नेहमी मुलाला दिला जातो. इथे ओरडणारा मुलगा आपणच नेमलेला असतो.

ब्रिटनच्या सुरक्षा खात्याने याचा अभ्यास वेल्समधल्या मिलफर्ड हेवन इथल्या तेलशुद्धीकरण कारखान्याच्या निमित्ताने केला. २४ जुलै १९९४ रोजी तिथे स्फोट झाला, २६ जण जखमी झाले. स्फोटाआधीच्या शेवटच्या अकरा मिनिटांत नियंत्रण कक्षातल्या दोघांसमोर २७५ इशारे आले होते. सेकंदांत मोजलं तर दर अडीच सेकंदांना एक. त्यानंतर उद्योगांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं आली, त्यांत साधारण परिस्थितीत एका माणसाकडे दहा मिनिटांत एकाहून जास्त इशारे येऊ नयेत असं म्हटलं गेलं. गूगलने २०१६मध्ये आपल्या कामाच्या पद्धतीवर जो ग्रंथ काढला, त्यात तर एका पाळीत दोनच प्रसंग ही मर्यादा सांगितली आहे. त्यांचा दुसरा सल्ला मला अधिक मोलाचा वाटतो : घंटा लक्षणावर वाजवा, कारणावर नव्हे. डिस्क भरली, प्रोसेसर तापला ही कारणं. ती दिवसा पाहता येतात. लोकांना पान दिसत नाही, पैसे भरता येत नाहीत, हे लक्षण. झोपलेल्याला उठवायचं ते यासाठी.

लक्षण ओळखायलाही माणसांची माहिती लागते. मी काम करत होतो तिथे खरेदीच्या मागण्यांचा एक आलेख होता आणि तो नेहमीच्या पातळीच्या निम्म्याखाली गेला की फोन वाजे. एका वर्षी संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास तो कोसळला. पाळी नुकत्याच रुजू झालेल्या मुलाची होती. त्याने तासभर एकेक यंत्र तपासलं, सारं व्यवस्थित. शेवटी एका ज्येष्ठ सहकारी बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, ‘अरे, लक्ष्मीपूजन आहे. आठनंतर बघ.’ साडेआठला आलेख पूर्वपदावर आला. दुसऱ्या वर्षी मर्यादा ठरवताना पंचांग समोर ठेवलं गेलं. क्रिकेटचा अंतिम सामना, गणपती विसर्जन, शाळा उघडण्याचा आठवडा, हे सगळं त्या रेघेत उमटलेलं असतं, फक्त वाचणाऱ्याला ते ठाऊक हवं.

घंटा वाजत राहणं वाईट; पण ती वाजायला हवी तेव्हा न वाजणं त्याहून वाईट, आणि ते लक्षात येत नाही. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत एका अभियंत्याकडून मुख्य डेटाबेसमधली माहिती पुसली गेली. राखीव प्रत काढू म्हटलं तर तीही नाही. रोजची प्रत घेणारी प्रक्रिया आवृत्तीच्या घोळामुळे अपयशी ठरत होती, आणि अपयश कळवणारी ईमेलं इमानेइतबारे निघत होती; पण त्यांवर आवश्यक ती सही नसल्याने पलीकडची टपालव्यवस्था ती नाकारत होती. कोणालाही काही कळलं नाही. सुदैवाने सहा तासांपूर्वीची एक प्रत वेगळ्याच कारणासाठी काढलेली होती, ती उपयोगी पडली. पत्र आलं नाही म्हणजे सर्व क्षेमकुशल, ही समजूत इथे उलटली.

यावरचा उपाय मुंबईच्या लोकलमध्ये शंभर मिनिटं बसणाऱ्यांच्या रोज शेजारी असतो. मोटरमनला चालकाची मूठ दाबून धरावी लागते. हात सुटला तर गाडीला ब्रेक लागतात. म्हणजे ‘मी ठीक आहे’ हा संदेश सतत जात राहतो आणि त्याचं थांबणं हाच इशारा. संकेतस्थळांच्या देखरेखीतही असा एक इशारा मुद्दाम कायम वाजता ठेवतात आणि तो थांबला की बाहेरची वेगळी व्यवस्था फोन करते. जुन्या वस्त्यांत रात्री काठी आपटत, शिटी वाजवत फिरणारा गुरखा हेच करत होता. अडचण अशी की शिटी ऐकून झोप मोडल्याची तक्रार सगळे करायचे, शिटी आली नाही हे मात्र सकाळपर्यंत कोणाच्या ध्यानात येत नसे. यंत्राला ते ध्यानात येतं.

विचारपूस स्वतःच रोग होऊ शकते, हे २०२५मध्ये आपण सर्वांनी अनुभवलं. १२ एप्रिल २०२५ रोजी यूपीआयचे व्यवहार देशभर काही तास अडखळले. मुंबईस्थित राष्ट्रीय पेमेंट महामंडळाच्या तपासणीत निघालं ते असं : काही बँकांच्या यंत्रणा ‘आधीच्या व्यवहाराचं काय झालं?’ ही विचारणा पुन्हा पुन्हा, जुन्या व्यवहारांसाठीही, पाठवत राहिल्या आणि त्या विचारणांच्या लोंढ्याखाली मूळ व्यवस्था दबली. आजाऱ्याच्या खोलीत भेटायला आलेल्यांची गर्दी व्हावी आणि त्याला श्वास घेणं मुश्कील व्हावं, तसं. १ ऑगस्ट २०२५पासून म्हणूनच निर्बंध आले : एका अ‍ॅपमधून दिवसाला ५० वेळाच शिल्लक पाहता येईल, अडकलेल्या व्यवहाराची स्थिती तीनदाच आणि मध्ये ९० सेकंदांचं अंतर ठेवून विचारता येईल.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे. २८ एप्रिल २०२१ रोजी दुपारी चारला अठरा ते चव्वेचाळीस वयोगटासाठी कोविनवर लशीची नोंदणी खुली झाली. लाखो लोकांनी एकाच क्षणी पान उघडलं. कोणाला ओटीपी येईना, कोणाचं पान उघडेना. अधिकृत खुलासा असा होता, की चार वाजता किरकोळ अडचण आली होती, ती दूर झाली. संकेतस्थळ कोसळल्याच्या बातम्यांना आधार नाही. सुरुवातीला मिनिटाला २७ लाख विनंत्या येत होत्या आणि दिवसभरात एक कोटीहून अधिक नोंदण्या झाल्या. या खुलाशातले आकडे खोटे आहेत असं मला म्हणायचं नाही. माझं म्हणणं इतकंच आहे, की दोन्ही पक्ष खरं बोलत असू शकतात. आतल्या पडद्यावर नोंदणीचा आलेख झपाट्याने चढत होता. बाहेर चौथ्यांदा क्रमांक टाकून वाट पाहणारी मुलगी त्या आलेखात नव्हती, कारण आलेख सर्व्हरपर्यंत पोचलेल्यांचा असतो. जी विनंती वाटेतच विरली तिची नोंद सर्व्हरजवळ असण्याची शक्यताच नाही. न आलेल्या रुग्णाची नोंद दवाखान्याच्या वहीत नसते, तसंच.

या आंधळ्या कोपऱ्यासाठी एक युक्ती निघाली आहे. क्रोमसारख्या ब्राउझरना संकेतस्थळ सांगून ठेवू शकतं : ‘माझ्यापर्यंत पोचता आलं नाही तर त्याची नोंद स्वतःजवळ ठेव आणि नंतर अमुक दुसऱ्या पत्त्यावर कळव.’ पत्ता वेगळ्या यंत्रणेवरचा दिला म्हणजे मूळ घर बंद असतानाही तक्रार पोचते. उशिरा का होईना, किती जण दारापर्यंत येऊ शकले नाहीत, कोणत्या जिल्ह्यातून, कोणत्या कंपनीच्या जोडणीवरून, हे दिसू लागतं. हे बसवायला फार खर्च येत नाही. सार्वजनिक सेवांच्या संकेतस्थळांनी तर ते करायलाच हवं असं माझं मत आहे. त्यात एकच उणीव राहते. हा निरोप ब्राउझरजवळ असण्यासाठी त्याने ते संकेतस्थळ आधी किमान एकदा यशस्वीपणे उघडलेलं असावं लागतं. शिष्यवृत्तीचा अर्ज आयुष्यात पहिल्यांदा भरायला बसलेल्या आणि पहिल्याच पानावर फिरणारं चाक पाहत राहिलेल्या मुलाच्या फोनवर तो निरोप पोचलेलाच नसतो. त्याची नोंद झाली तर ती सेतू केंद्रातल्या माणसाच्या तोंडीच होते.